पिच्चर 'सगळ्यांना' चालतो म्हणजे नक्की कुणाकुणाला?

शेवटचीरांग (धागाकर्ता)
शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात वळवळणारा किडा इथं सोडतोय.

१९७५ साल घ्या. त्या वर्षी 'शोले' आला आणि 'जय संतोषी माँ'ही आला. एकीकडे ७० एमएम, स्टिरिओ आवाज, अमिताभ-धर्मेंद्र-संजीवकुमार-हेमामालिनी. दुसरीकडे थोडक्या पैशात उरकलेला पौराणिक, मोठा म्हणावा असा एक स्टार नाही. दोन्ही बेफाम चालले. 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हातून पाच वर्षं हलला नाही. 'संतोषी माँ'ला बायका दाराशी चपला काढून आत जायच्या, पडद्यावर आरती सुरू झाली की पैसे ओवाळून टाकायच्या. त्या आरतीचा आवाज आपल्या उषा मंगेशकरांचा. पिच्चर उतरला तरी घरोघरी शुक्रवारचे उपास सुरू राहिले.

सगळे 'मसाला' म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. गाणी, मारामारी, आई, विनोद असं सगळं कोंबलेले पिच्चर दर वर्षी डझनावारी निघतात आणि सोमवारी त्यांना कुत्रं विचारत नाही. मग एखादाच पिच्चर पोरांना, त्यांच्या आयांना, आज्यांना आणि पेपरात लिहिणाऱ्यांनाही एकाच आठवड्यात कसा खेचतो? आणि त्या सगळ्यांना तो एकाच कारणासाठी आवडलेला असतो का?

माझा अंदाज: अजिबात नाही. जो तो आपापला पिच्चर बघून घरी जातो. 'शोले'चंच बघा. मोठ्यांनी जय-वीरूची दोस्ती पाहिली आणि बारक्या पोरांनी गब्बर उचलला, इतका की बिस्किटवाल्यांनी जाहिरातीला हिरो सोडून अमजद खानला घेतलं. एवढा खुनशी दरोडेखोर पोरांना बिस्किटं विकतोय, हे लिहिताना कुणाच्या मनात आलं असेल?

आपापले अनुभव लिहा. 'हल्लीचं पब्लिक बिघडलंय' यावर रडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

खवट_काका
शनिवार, रात्री १०:५२

पाच हजार पडद्यांवर एकदम लावला की काहीही चालतं. तीन दिवसांत पैसे वसूल, चौथ्या दिवशी पब्लिकला कळतं आपण फसलो. यात समाजशास्त्र शोधू नका.

शेवटचीरांग
शनिवार, रात्री ११:०५

काका, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आठवतो? २०१८ ची दिवाळी, अमिताभ आणि आमीर पहिल्यांदा एकत्र, पहिल्याच दिवशी पन्नास कोटींच्या वर गल्ला. दुसऱ्या दिवसापासून जी घसरगुंडी लागली ती थांबलीच नाही. पडदे होतेच की तेवढे.

मृण्मयी_क
शनिवार, रात्री ११:२०

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. काकांचा पहिला प्रतिसाद आला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

तंबूवाला
रविवार, सकाळी ७:१५

काकांचं अर्धं बरोबर आहे. शुक्रवार ते रविवार जाहिरातीचा, सोमवार पब्लिकचा. थिएटरवाला सोमवारच्या दुपारच्या खेळाला किती डोकी आली ते बघतो आणि मग पुढच्या आठवड्याचं ठरवतो.

आमचं घरचं थिएटर आहे. गाव सांगत नाही, सातारा-सांगलीच्या अधेमधे समजा. आजोबांचा तंबू होता, जत्रेजत्रेनं फिरायचा. आण्णांनी पक्कं बांधलं. मी दारात उभं राहून पिच्चर कमी आणि पब्लिक जास्त पाहिलंय.

आण्णांची एक खूण होती. गाणं लागलं की किती गडी विडी ओढायला बाहेर येतात ते बघायचं. चार-दोन आले तर ठीक, दोन आठवडे निघतील. निम्मा पिट, म्हणजे पुढच्या स्वस्तातल्या रांगा, बाहेर आला तर रिळांची पेटी परत पाठवायची तयारी. आणि गाण्यालाही कुणी जागचं उठलं नाही, तर लगेच डिस्ट्रिब्युटरला फोन, पुढचा आठवडा धरून ठेवा म्हणून.

पण ही खूण फक्त गड्यांची. बायका गाण्याला उठत नाहीत. त्या उठतात मारामारीला. पडद्यावर ढिशुम-ढिशुम सुरू झालं की लेकराला काखेत घेऊन बाहेर, पाणी पाजायचं, जरा गार हवेला उभं राहायचं, डोअरकीपरला विचारायचं, "संपली का हो हाणामारी?" म्हाताऱ्यांचं तिसरंच. पिच्चरात घरातलं कुणी गेलं की ते डोळे पुसायला चष्मा काढतात, आणि हिरो-हिरॉईन पावसात भिजायला लागले की चष्मा काढलेलाच ठेवतात.

आण्णा म्हणायचे, आतलं कुणीच कशालाच बाहेर आलं नाही असे पिच्चर आयुष्यात बोटावर मोजण्याइतके. आमच्याकडं १९९१ चा 'माहेरची साडी' तसा होता. खेड्यापाड्यांतनं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका यायच्या. अलका कुबल रडली की आख्खं थिएटर रडायचं, आणि उषा नाडकर्णी दिसली की अशा शिव्या सुटायच्या की पुढच्या रांगेतली पोरं माना वळवून बघायची. गडी माणसं आली ती बायकांना सोडायला. बाहेर चहा पीत थांबायची म्हणून आलेली, ऊन लागलं म्हणून आत बसली आणि दुसऱ्यांदा स्वतः तिकीट काढून आली. सासरी गेलेली बहीण प्रत्येकालाच होती ना.

तो पिच्चर मूळचा राजस्थानी, 'बाई चाली सासरिये'. तिकडचं सासर आणि हिकडचं सासर एकच निघालं.

शेवटचीरांग
रविवार, सकाळी ८:०२

तंबूवाले, हा एक प्रतिसाद आला आणि धागा काढल्याचं सार्थक झालं. विडीची खूण कुठल्याही ट्रेड ॲनालिस्टच्या ट्विटपेक्षा भारी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
रविवार, सकाळी ९:३०

तुमी 'आपलं पब्लिक', 'महाराष्ट्राचं पब्लिक' म्हणून राहिले, ते कोणतं बाप्पा? पिच्चरच्या धंद्यात महाराष्ट्र एक नाहीच, डिस्ट्रिब्युटरनं इलाके वाटून घेतले, त्याले सर्किट म्हणतात. आमी नागपूर-अमरावतीवाले सीपी-बेरार (इंग्रजाच्या काळचा मध्यप्रांत-वऱ्हाड) सर्किटात, जबलपूर-रायपूरवाल्यांसंगं. मराठवाडा निजाम सर्किटात, हैदराबादेसंगं. बाकी तुमी सारे मुंबई सर्किटात आन् तुमच्यासंगं गुजरात, गोवा, हुबळी-बेळगाव. राज्य होऊन साठच्या वर वर्सं झाली, पण डिस्ट्रिब्युटरच्या नकाशात इंग्रज आन् निजाम अजून बसूनच आहेत.

अन् हे नुसतं कागदावर नाही. आमच्याइकडे पोरं लहानपणापासून हिंदी पिच्चरवर वाढतात. पुण्यात हाऊसफुल्ल चाललेला मराठी पिच्चर नागपुरात कदी लागला अन् कदी गेला, कळत बी नाही. त्यातल्या सोसायटीतली भांडणं, कोथरूडचा गॅलरीतला चहा, हे पाहाले आमी दोनशे रुपये काहून द्यावं? 'सैराट'ले मात्र दिले. त्याची बोली आमची नव्हती, सोलापूरकडची होती. पण पुण्याची बी नव्हती, एवढं पुरलं.

मांजराकाठ
रविवार, सकाळी १०:१०

ठेचाभाऊ, निजाम सर्किटातून हात वर. लातूर.

'सैराट'चा विषय निघालाच आहे तर सांगतो. पुण्यातले माझे सगळे मित्र म्हणायचे, मध्यंतरापर्यंत भारी, नंतर ताणलाय. विहीर, ऊस, उजनीचं पाणी, बुलेट, 'झिंगाट', हे सगळं पहिल्या भागात. दुसऱ्या भागात हैदराबादची झोपडपट्टी, पत्र्याची खोली, इडली-डोशाचा गाडा, नवरा-बायकोची चिडचिड.

आमच्याकडं उलटं झालं. आमच्या गावात घरटी एक जण कधी ना कधी हैदराबादेला राहून आलाय. कुणी सेंट्रिंगच्या कामाला, कुणी दवाखान्यासाठी, कुणी नुसताच पळून. भाषा येत नाही, घरमालक काय म्हणतो कळत नाही, पैसे संपत आलेत. माझा चुलतभाऊ पहिल्या भागात शिट्ट्या मारत होता आणि हैदराबाद सुरू झाल्यावर पुढं सरकून बसला. त्याचा पिच्चर तिथून सुरू झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "नळावरचं भांडण बरोबर दाखवलंय."

आता शेवट. २०१६ चा पिच्चर, स्पॉयलर कसला. आमच्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी सरळ दोन तट पडले. एकांचं म्हणणं, आमच्या घरांना खलनायक करून ठेवलं. दुसऱ्यांचं म्हणणं, पहिल्यांदा कुणीतरी आमच्या बाजूनं कॅमेरा लावला. कँटीनमध्ये एका टेबलावर बसणारी पोरं आठवडाभर वेगळी बसली. तिकिटाचे पैसे मात्र दोन्ही तटांनी दिले होते, आणि काहींनी दोनदा.

म्हणून धागाकर्त्याशी सहमत, पण एक पुस्ती जोडतो. लोक वेगवेगळा पिच्चर बघतात एवढंच नाही, कधीकधी एकमेकांच्या विरोधातला पिच्चर बघतात. आणि तो वाद गावात पोचला की ज्यानं पाहिला नाही त्यालाही बघावा लागतो, नाहीतर पारावर बोलायचं काय?

तंबूवाला
रविवार, सकाळी १०:४०

मांजराकाठ, एक नंबर. आमच्या जिल्ह्यात 'सैराट'चे रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लागले होते. तीनच्या खेळाला येणारं पब्लिक बघा कोण: हॉटेलातली पोरं, भाजी घेऊन मार्केटला निघालेले टेम्पोवाले, कारखान्याची पाळी सुटलेले. यांना दिवसा पिच्चर बघायची सोयच नसते. पिच्चर हवा तेवढा चांगला असू दे, खेळ त्यांच्या वेळेला नसेल तर ते पब्लिक तुमच्या हिशेबात कधी येतच नाही.

मृण्मयी_क
रविवार, दुपारी १२:१५

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर आर्चीबद्दल बोलू का?

माझी मामेबहीण तेव्हा बारावीत होती, फलटणला. तिला आणि तिच्या मैत्रिणींना परश्याचं सोयरसुतक नव्हतं. नायिका बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मास्तरांसमोर मान खाली घालत नाही, आणि पळून जायची वेळ आली तेव्हा पिस्तूल तिच्या हातात असतं. हिंदीत आपण बघत आलो की मुलगी गाडीवर मागे बसते आणि ओढणी उडते. रिंकू राजगुरू त्या वेळी शाळेत शिकत होती, घोटून घोटून शिकवलेली नटी नव्हती. तिचं ते दटावून बोलणं मुलींनी जसंच्या तसं उचललं. मुलगे 'झिंगाट'वर नाचत होते तेव्हा मुली घरी बुलेटची चावी मागत होत्या. एकाच रांगेत बसून दोघांनी वेगळ्या माणसाला हिरो केलं.

आता बायका या 'पब्लिक'विषयी. तंबूवाल्यांनी 'माहेरची साडी' सांगितलाच. २०२३ च्या जूनअखेरीला केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा मी ठाण्यात एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारच्या खेळाला होते. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर नऊवारी, नथ, गॉगल. एक नाही, पंधरा-वीस जणी. भिशीचा गट होता. त्यांच्या मागे दुसरा, बहुतेक सोसायटीचा. काउंटरवर एक काकू त्या पोराला समजावत होत्या, "पुढची रांग दे, मान दुखली तरी चालेल, पण सगळ्या शेजारी हव्यात." आत मंगळागौरीचा खेळ सुरू झाला तेव्हा दोन रांगा उठून पायऱ्यांवर फुगड्या घालत होत्या. दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला थांबवावं की नाही कळेना.

पिच्चर म्हणून मला तो बेताचा वाटला. सहा बहिणींपैकी दोघी-तिघींना नीट गोष्टच मिळाली नाही असं माझं मत. पण ते मत तिथं कुणाला हवं होतं? पन्नाशीच्या पुढच्या, पाळी जाण्याच्या त्रासाबद्दल बोलणाऱ्या, एकमेकींशी वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या बहिणी पडद्यावर, तेही रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासारख्या ओळखीच्या चेहऱ्यांच्या. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणजे सणाचं निमित्त दोन महिने पुरलं. आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला न विचारता, स्वयंपाक उरकून, दुपारी एकत्र जायचं कारण मिळालं. या बायका एरवी थिएटरात येत नाहीत. मालिकेवाल्यांनी त्यांना वीस वर्षं घरी बसवून ठेवलंय.

शेवटचीरांग, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: नेहमीच्या प्रेक्षकांनी चार वेळा पाहिल्यानं पिच्चर हिट होतो. ब्लॉकबस्टर व्हायला घरात बसलेला माणूस उठावा लागतो.

शेवटचीरांग
रविवार, दुपारी १२:४०

ताई, शेवटची ओळ चोरतोय.

खवट_काका
रविवार, दुपारी १:३०

उठला घरातला माणूस. मग आकडे बघू. हल्ली दर आठवड्याला 'शंभर कोटी, पाचशे कोटी' असा बोभाटा असतो. यातलं ग्रॉस म्हणजे सगळा गल्ला किती, नेट म्हणजे कर वजा जाता किती, थिएटरवाल्याला आणि डिस्ट्रिब्युटरला वाटून निर्मात्याच्या हातात किती, हे कुणी सांगत नाही. तिकीट तीनशेचं असेल तर कोटी व्हायला डोकी किती लागतात? आणि दोन रुपयांच्या जमान्यात किती लागायची? खरा हिशेब डोक्यांचा. तो केला तर आजचे निम्मे 'ब्लॉकबस्टर' 'शोले' आणि 'हम आपके हैं कौन'च्या पायाशी पण नाहीत.

मृण्मयी_क
रविवार, दुपारी १:४५

काका, आज पहिल्यांदा तुमच्याशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवते.

'हम आपके'चंच घ्या. १९९४. त्याआधीची दहा-बारा वर्षं आठवा. घरोघरी व्हिडिओ, भाड्याच्या कॅसेट, मग केबल. थिएटरं कळकट, खुर्च्या फाटक्या, ढेकूण. बायकापोरांना घेऊन कोण जाणार? राजश्रीवाल्यांनी पिच्चर सुरुवातीला मोजक्याच थिएटरांत लावला आणि व्हिडिओचे हक्क रोखून धरले. बघायचा तर थिएटरातच या. मुंबईत लिबर्टीला तो शंभर आठवड्यांच्या वर राहिला. चौदा गाणी, एकही मारामारी धड नाही, व्हिलन नाही. तंबूवाल्यांच्या भाषेत, लेकराला घेऊन बाहेर जायचं कारणच ठेवलं नव्हतं.

आमच्या घरात आजी त्यातली डोहाळजेवणाची आणि लग्नाची तयारी बघायची, आई माधुरीचे कपडे, बाबा लक्ष्मीकांत बेर्डे आला की खूश. रेणुका शहाणे, रीमा, बेर्डे, म्हणजे अर्धं घर मराठीच होतं त्यात. समीक्षकांनी लग्नाची कॅसेट म्हणून नावं ठेवली. लोक तरी आपापल्या लग्नाच्या कॅसेटी शंभरदा बघतच होते की.

डॉल्बी
रविवार, दुपारी ४:२०

आवाजाच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं वेगळं. (मोठा प्रतिसाद, चहा घेऊन बसा.)

'पॅन इंडिया' हे जे चाललंय ते लोकांना वाटतं 'बाहुबली'नं एका रात्रीत केलं. २०१७ मध्ये 'बाहुबली २'च्या हिंदी आवृत्तीनं पाचशे कोटींच्या वर नेट कमावलं हे खरं. पण त्याच्या आधी कित्येक वर्षं टीव्हीच्या हिंदी चॅनेलांवर दुपारी काय लागायचं? हिंदीत डब केलेले तेलुगू पिच्चर. नावं बदललेली, गाणी कापलेली, पण हिरो तोच. नंतर तेच यूट्यूबवर फुकट. जेवण झाल्यावर सोफ्यावर पडून, दुकानात गल्ल्यावर बसून, एसटी स्टँडच्या हॉटेलात, सगळ्यांनी ते पाहिलेत. अल्लू अर्जुन 'पुष्पा'मुळे कळला असं शहरातल्या लोकांना वाटतं. छोट्या गावातल्या पोरांच्या तो आधीच ओळखीचा होता. 'पुष्पा २'ची हिंदी आवृत्ती मूळ तेलुगूपेक्षा जास्त कमावून गेली, त्याचं बियाणं टीव्हीवाल्यांनी फार आधी पेरून ठेवलेलं.

आणि ते हिंदी बोलतंय कोण? 'बाहुबली'ला प्रभासचा हिंदी आवाज शरद केळकरचा. 'पुष्पा'ला श्रेयस तळपदे. दोघंही आपलेच. डबिंग करताना शब्द ओठांवर बसवणं हे झालं रोजचं काम. खरी मेहनत वेगळी असते. हा माणूस हिंदीत कुठल्या गल्लीत वाढला असता, ते आधी ठरवावं लागतं. श्रेयसनं पुष्पाला जो घशातून ओढलेला, अर्धवट चावलेला आवाज दिला त्यानं तो माणूस आंध्रचा राहिलाच नाही, तुमच्या जवळच्या मार्केट यार्डातला झाला. पुस्तकी हिंदी वापरली असती तर तो दुपारच्या पिच्चरांपैकीच एक राहिला असता.

'सैराट'बद्दलही. अजय-अतुलनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला. तेव्हा लोक म्हणाले, करमाळ्याच्या गोष्टीला एवढा थाट कशाला? मला वाटतं पिच्चर चालायचं निम्मं कारण तेच. खेड्यातल्या पोरापोरींच्या प्रेमाला आजवर ढोलकी-तुणतुणं किंवा स्वस्तातला कीबोर्ड मिळायचा. इथं ती विहिरीवरून चालत येते आणि साठ-सत्तर वायोलिनं उठल्यासारखी वाटतात. गावच्या पोराला पहिल्यांदा कळलं की आपलंही प्रेम तेवढंच मोठं आहे. आणि शहरातल्या माणसाला वाटलं, हा 'ग्रामीण' नाही, हा मोठा पिच्चर आहे.

वऱ्हाडी_ठेचा
रविवार, सायंकाळी ५:००

डॉल्बीभाऊ, टीव्हीची गोष्ट शंभर टक्के खरी. आमच्या बुढ्यानं आयुष्यात सलमानचा पिच्चर धड पाह्यला नाही, पण नागार्जुनचे सारे पाठ.

मग माया सवाल असा: तेलुगू पिच्चर हिंदीत येऊन आमच्याइकडे चालते, तं मराठी पिच्चर काहून चालत नाही?

डॉल्बी
रविवार, सायंकाळी ५:२५

कारण मराठी माणसाला हिंदी येतं. तेलुगू किंवा तमीळ प्रेक्षकाला आपल्या भाषेतच पिच्चर लागतो, म्हणून तिकडे शंभर कोटींचा पिच्चर काढायची निर्मात्याची छाती होते. आपल्याकडे त्याच शुक्रवारी, त्याच मॉलमध्ये, त्याच तिकिटात शंभर पट बजेटचा हिंदी पिच्चर शेजारच्या पडद्यावर असतो. मराठी निर्माता भव्यतेत जिंकू शकत नाही. जिंकतो तो जवळिकीत. आणि जवळीक म्हटली की ती कुणाशी तरीच असते, सगळ्यांशी नसते. नागपूर सुटतं ते तिथं.

टेक्सासतात्या
रविवार, रात्री ८:५० (आमची सकाळ)

इकडचं सांगतो. डॅलसच्या आसपास तेलुगू मंडळी प्रचंड. मोठ्या हिरोचा पिच्चर असला की गुरुवारी रात्रीच प्रीमिअर, नेहमीच्या दुप्पट दरानं तिकिटं, कागदाचे कपटे उधळणं, पडद्यासमोर नाच. अमेरिकन मॅनेजर झाडू घेऊन हताश. दुसऱ्या दिवशी तोच इंजिनिअर ऑफिसात टाय लावून. मराठी पिच्चरला आमचं मंडळ एखाद्या रविवारी एक खेळ ठरवतं, तिथं पिच्चरपेक्षा मध्यंतरातला बटाटेवडा गाजतो. (मंडळावर टीका नाही, वडा मीच तळतो.)

पण पिच्चर परदेशात परक्यांना का आवडतो हे मला जास्त कुतूहलाचं वाटतं. रजनीकांतचा 'मुथू' १९९८ मध्ये टोकियोत शिबुयाच्या एका थिएटरात महिनोनमहिने चालला. जपान्यांना ना तमीळ कळत होतं, ना जमीनदारी. एकाच पिच्चरात हसणं, रडणं, नाच आणि मारामारी हे त्यांच्याकडे त्या काळी कुणी देत नव्हतं, एवढंच. उलट 'दंगल' चीनमध्ये २०१७ ला लागला आणि भारताच्या दुपटीहून जास्त धंदा केला, तो नाचगाण्यांवर नाही. माझ्या टीममधली एक चिनी बाई म्हणाली, तो बाप बघून मला माझे वडील आणि पियानोचा क्लास आठवला. मुलांवर स्वप्न लादणारा बाप तिकडे घरोघर. त्यावरून तिकडच्या लोकांत वादही झाले, हा बाप प्रेमळ म्हणायचा की हुकूमशहा. आपल्याकडे तो वाद कमी झाला, आपण राष्ट्रगीताला उभे राहिलो आणि घरी गेलो.

मांजराकाठ
रविवार, रात्री ९:२०

तात्या, म्हणजे जपानला आपलं वेगळेपण आवडलं आणि चीनला आपलं सारखेपण. दोन्हींवर धंदा झाला. आता फॉर्म्युला काढा म्हणावं निर्मात्यांना.

गडप्रेमी_०७
रविवार, रात्री ९:४०

'छावा'चा उल्लेखच नाही? आमच्याकडं शेवटी अख्खं थिएटर उभं राहून गारद म्हणत होतं. लोक अनवाणी आलेले. हिंदीत असून महाराष्ट्रात असा चाललेला दुसरा दाखवा.

संपादक मंडळ
रविवार, रात्री ९:५५

'छावा'वर पिच्चर म्हणून जरूर लिहा. इतिहास, राजकारण आणि कुणाचे पूर्वज काय होते यावरचे प्रतिसाद उडवले जातील. तीन उडवलेत.

शेवटचीरांग
रविवार, रात्री १०:१०

गडप्रेमी, मुद्दा बरोबर आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट दिसते. ट्रेलरमध्ये लेझीम खेळणारे महाराज दिसले आणि लोकांचा संताप झाला, मग दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंगच काढला. म्हणजे दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकाला जो सण-नाच म्हणून सहज गेला असता, तो इथल्या प्रेक्षकाला चालत नव्हता. एकाच पिच्चरचे दोन प्रेक्षक समोरासमोर आले आणि ज्याचं नातं जास्त जवळचं होतं त्याचं ऐकलं गेलं. तिकडच्या बहुतेकांना संभाजी महाराजांची कथा नवीन होती, पुढे काय होणार या उत्सुकतेनं ते बसले. आपल्याला शेवट पाठ होता, शाळेपासून. आपण तो बघायला नाही, सोसायला गेलो.

खवट_काका
रविवार, रात्री १०:२०

बरं लिहिलंस. पण मग तुझी 'घरातला माणूस उठला पाहिजे' थिअरी आता मोबाईलचं काय करणार? आठ आठवड्यांत पिच्चर ओटीटीवर येतो. माझी सून म्हणते, थांबा हो बाबा, येईलच.

तंबूवाला
रविवार, रात्री ११:००

काका, सूनबाईंचं बरोबर आहे, आणि आमचं दुखणंही तेच आहे. पण गंमत सांगतो. 'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नाही. नंतर सगळ्यांनी मोबाईलवर, टीव्हीवर पाहिला. २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. सगळ्यांना गोष्ट माहीत होती तरी. 'सैराट'ही २०२५ च्या मार्चमध्ये परत लागला. आमच्याकडं आलेली निम्मी पोरं पहिल्या वेळी दुसरी-तिसरीत असतील. पिच्चर पाठ, गाणी पाठ, मोबाईलचे टॉर्च लावून नाचली. पिच्चर बघायला मोबाईल पुरतो. सगळ्यांनी मिळून बघायला मोबाईल पुरत नाही.

आता हे लहान गावात जमवायचं कसं, हा आमचा रोजचा झगडा. डिस्ट्रिब्युटर म्हणतो मोठा हिंदी लावायचा तर चारही खेळ द्या, नाहीतर पिच्चर मिळणार नाही. दुपारचा खेळ मी मराठीला मागतो, कारण बायकांची मंडळं येतात ती दुपारीच. तो ऐकत नाही. संध्याकाळी सहाला कुठल्या घरची बाई स्वयंपाक टाकून येईल? पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून खेळ ठरवणाऱ्याला हे कळत नाही. मग तोच पेपरात सांगतो, मराठीला प्रेक्षक नाही.

मृण्मयी_क
रविवार, रात्री ११:१५

हे कुणीतरी मोठ्या अक्षरात छापा.

वऱ्हाडी_ठेचा
रविवार, रात्री ११:२०

तंबूवाले, दिवाळीत काय लावून राहिले मग?

तंबूवाला
रविवार, रात्री ११:३५

हिंदीचं बोलणं चालू आहे, एमजीवर, म्हणजे आधी द्यायच्या किमान हमीच्या रकमेवर, अडलंय. ते फिसकटलं तर दुपारी आणि संध्याकाळी मराठी, रात्री एखादा जुना. भाऊबीजेला बहिणीचं तिकीट फुकट, हे आण्णांपासून आहे, ते राहणार.

खवट_काका
रविवार, रात्री ११:४०

आणि वडापाव कितीला?

तंबूवाला
रविवार, रात्री ११:४२

वीस. मिरची वेगळी लागत नाही.